इंग्रजीच्या तासाला साहित्यिक संज्ञा: व्याख्या पाठ, पण उताऱ्यात ओळखता येत नाहीत

तिसरा_बाक

माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवणाऱ्यांना आणि स्वतः शिकणाऱ्यांनाही विचारतो आहे. सिमिली ('लाइक', 'ॲज'सारख्या शब्दाने केलेली तुलना), मेटाफर (एक गोष्ट थेट दुसरीच समजून बोलणं) इथपासून आयरनी, टोन, इथॉसपर्यंत चाळीसेक संज्ञा शिकवायच्या असतात. मुलं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात. न वाचलेला उतारा समोर ठेवला की मात्र दोनच उत्तरं येतात: 'लाइक' दिसलं तिथे सिमिली, बाकी सगळं मेटाफर. चुकून ओळख बरोबर आलीच, तर पुढचं वाक्य ठरलेलं: 'यामुळे कवितेचं सौंदर्य वाढतं.'

संज्ञा कोणत्या क्रमाने घ्याव्यात? जुळ्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या जोड्या वेगळ्या कशा काढायच्या? उत्तर कसं लिहून घ्यायचं? आणि मराठीतले अलंकार मुलांना येत असतात, त्यांचा आधार घ्यावा की त्यांना लांबच ठेवावं?

अल्पविराम

क्रमाबद्दल लिहितो, बाकीचं इतर लिहितीलच.

वर्णानुक्रमाने यादी देणं सगळ्यात वाईट. अलिटरेशन, अल्यूजन, ॲलेगरी, अनॅफोरा ही नावं एकाखाली एक आली की मुलांच्या डोक्यात त्यांचं कडबोळं होतं, कारण एकमेकांशी त्यांचा संबंध 'अ'पुरताच. लेखक भाषेचं काय करतो आहे, त्यावरून गट पाडा. पहिला गट आवाजाचा: अलिटरेशन, असोनन्स, कॉन्सोनन्स, ऑनोमॅटोपिया (आवाजाची नक्कल करणारा शब्द), ऱ्हाइम. दुसरा तुलनेचा: सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन (निर्जीवाला माणसासारखं वागवणं). तिसरा एकाच्या जागी दुसरं ठेवण्याचा: मेटॉनिमी, सिनेक्डकी, ट्रान्सफर्ड एपिथेट (एकाचं विशेषण दुसऱ्याला लावणं), युफेमिझम (कटू गोष्ट सौम्य शब्दांत सांगणं). मग विरोधाचा, मग वाक्यरचनेचा, मग कथनाचा. मन वळवण्याच्या संज्ञा शेवटी, कारण तिथे आधीच्या सगळ्यांचा उपयोग होतो.

आवाजाचा गट पहिला, कारण त्यात अर्थ लावायचा नसतो. कान शाबूत असला की पुरे. मुलांना पहिल्याच आठवड्यात 'हे आपल्याला येतंय' असं वाटतं.

आठवड्याला पाच-सहा संज्ञा, त्याहून जास्त नाही. वहीत प्रत्येक संज्ञेला चार रकाने: नाव, ओळखण्याचा एक प्रश्न, स्वतःचं एक वाक्य, आणि 'जवळ आहे पण ते नव्हे' असं एक वाक्य. व्याख्येला रकाना ठेवायचाच नाही. चौथ्या रकान्याचा मुलांना सगळ्यात कंटाळा येतो आणि उपयोगही त्याचाच सगळ्यात जास्त. सिमिलीचं उदाहरण घ्या. 'ही स्विम्स लाइक अ ड्रॉप्ड ब्रिक' ही सिमिली. 'ही स्विम्स लाइक हिज ब्रदर' ही नुसती तुलना, कारण दोन्ही माणसंच आणि दोघंही खरोखर पोहतात. 'ही लाइक्स टू स्विम' यात तर तुलनाच नाही. ही तीन वाक्यं शेजारीशेजारी लिहून घेतली की 'लाइक' शोधत फिरण्याची सवय बरीच मोडते.

चाचणीत बारा वाक्यं द्या. त्यातल्या तीन वाक्यांत काहीच नसू द्या, साधी सरळ वाक्यं. 'यात काही नाही' हे उत्तर चालतं हे मुलांना कळलं नाही, तर ती प्रत्येक ओळीत काहीतरी ओढूनताणून काढतात. आणि मागच्या दोन आठवड्यांतल्या संज्ञा त्याच चाचणीत मिसळा. एकाच संज्ञेची दहा वाक्यं सोडवली तर ओळखण्याचा सराव होतच नाही, उत्तर आधीच ठाऊक असतं.

खडू_फळा

अल्पविरामशी सहमत. दुसऱ्या रकान्यातला 'एक प्रश्न' हीच खरी किल्ली. गोंधळाच्या जोड्यांसाठी हे प्रश्न वापरून पाहा.

*मेटॉनिमी आणि सिनेक्डकी.* प्रश्न: जे नाव घेतलं ते मूळ वस्तूचा तुकडा आहे का? 'नाइन सेल्स ऑन द होरायझन' म्हणजे नऊ जहाजं. शीड हा जहाजाचाच भाग, म्हणून सिनेक्डकी. 'द क्राउन रिफ्यूज्ड' म्हणजे राजसत्तेने नकार दिला. मुकुट हा राजाचा अवयव नाही, त्याच्याशी जोडलेली वस्तू आहे, म्हणून मेटॉनिमी. 'द किचन सेंट अ नोट' हीसुद्धा मेटॉनिमी, माणसांच्या जागी ठिकाण. देशाचं नाव घेऊन त्याच्या संघाबद्दल बोलणं कुठे टाकायचं यावर जाणकारांतही दोन तट आहेत. अनेक जण सिनेक्डकीला मेटॉनिमीचाच एक प्रकार मानतात. असली उदाहरणं चाचणीत घालू नयेत, मुलांवर अन्याय होतो.

*ऑक्सिमोरॉन, पॅराडॉक्स, अँटिथिसिस.* तिन्हींत विरोध असतो, त्यामुळे मुलं तिन्ही नावं एकाच पोत्यात भरतात. आधी विचारा, विसंगती आहे का? 'ही प्रॉमिस्ड इन पब्लिक अँड रिफ्यूज्ड इन प्रायव्हेट' यात विसंगती नाही. माणूस असं करू शकतो, करतोही. दोन विरुद्ध गोष्टी एका मापाच्या रचनेत समोरासमोर ठेवल्या आहेत, इतकंच. ही अँटिथिसिस. विसंगती असेल तर पुढचा प्रश्न: ती दोन लगतच्या शब्दांत आहे की सबंध विधानात? 'अ लाउड सायलेन्स' हा ऑक्सिमोरॉन. 'द ओन्ली वे टू कीप इट इज टू गिव्ह इट अवे' हा पॅराडॉक्स, आधी खोटं वाटतं आणि विचार केल्यावर पटतं.

*अलिटरेशन.* 'एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द' ही व्याख्याच गडबड करते. अक्षर नाही, ध्वनी. 'सिटी' आणि 'कॅट' इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, तरी अलिटरेशन नाही. 'फोन' आणि 'फॅन' वेगळ्या अक्षरांनी, तरी आहे. 'नी' आणि 'नाइट' तसेच. आपल्या मुलांसाठी सोपा उपाय: ओळ देवनागरीत लिहून पाहायची, ध्वनी समोर दिसतो. एक खबरदारी मात्र घ्या. 'व्हाइन' आणि 'वाइन' यांतला फरक आपल्या लिपीत आणि तोंडात पुसट होतो, इंग्रजीत ते दोन निराळे ध्वनी आहेत. तिथे इंग्रजी स्पेलिंगच बघावं. शिवाय 'द, दिस, दॅट' हे शब्द मोजायचे नाहीत, नाहीतर प्रत्येक वाक्यात अलिटरेशन सापडेल.

*सिम्बॉल आणि मेटाफर.* प्रश्न: ती वस्तू कथेत खरोखर आहे का? खोलीत बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर टांगलेलं आहे, पात्रं त्याकडे बघतात, आणि शिवाय ते थांबलेल्या आयुष्याबद्दल काही सांगतं, तर सिम्बॉल. 'हर लाइफ वॉज अ स्टॉप्ड क्लॉक' असं लिहिलं असेल तर खोलीत घड्याळ असण्याची गरजच नाही, तो मेटाफर. तीच वस्तू पुन्हापुन्हा येत राहिली की मोटिफ.

*थीम.* एका शब्दात दिलेली थीम स्वीकारू नका. 'मैत्री' हा विषय झाला. थीमला क्रियापद लागतं: 'मैत्री टिकवायला कधीकधी सत्य लपवावं लागतं.' नियम एवढाच, पण चुका निम्म्याने कमी होतात.

*आयरनी.* इथे 'कोणाला काय माहीत आहे' हे विचारायचं. बोलणाऱ्याला ठाऊक आहे की आपण उलटं बोलतोय, तर व्हर्बल. प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, तर ड्रॅमॅटिक. घडायला हवं होतं त्याच्या नेमकं उलट घडलं, तर सिच्युएशनल. या तिसऱ्यातच सगळे घसरतात. सहलीच्या दिवशी पाऊस आला ही आयरनी नाही, ते दुर्दैव. शुद्धलेखन स्पर्धेच्या फलकावरच स्पेलिंगची चूक निघाली ही आयरनी. अपेक्षा त्या गोष्टीच्या पोटातच असावी लागते. सार्कॅझमला आयरनीचा समानार्थी शब्द म्हणूनही चालत नाही. त्यात बोचण्याचा हेतू लागतो.

टोन म्हणजे लिहिणाऱ्याचा सूर, मूड म्हणजे वाचणाऱ्याभोवती तयार होणारं वातावरण. निवेदक थट्टेच्या सुरात भीषण गोष्ट सांगत असेल तर दोन्ही एकमेकांविरुद्ध जातात. शिकवायला अशीच उदाहरणं शोधावीत.

मध्यमपदलोपी

अलंकारांच्या प्रश्नावर माझं मत: आधार जरूर घ्यावा, पण 'हे म्हणजे ते' अशी जोड्या-लावा पद्धत नको.

जिथे फायदा होतो ते आधी. उपमेचे चार घटक मुलांना येतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. इंग्रजी वर्गात 'दोन गोष्टींची तुलना' म्हणून सोडून देतात आणि तिथेच विश्लेषण अडतं. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ मध्ये मेटाफरसाठी टेनर आणि व्हेइकल ही जोडी मांडली, ती साधारण आपली उपमेय-उपमानाचीच. तेव्हा 'हिज टेंपर वॉज अ केटल' दिलं की उपमेय राग, उपमान किटली, आणि साधारण धर्म कोणता ते विचारायचं. हळूहळू तापणं? वाफ कोंडणं? शेवटी शिटी होणं? वाक्यात साधारण धर्म सांगितलेला नसतो. तो शोधणं हेच उत्तर.

आता जिथे फसगत होते ते. उत्प्रेक्षा आपल्याकडे स्वतंत्र अलंकार आहे, जणू, गमे, वाटे, भासे या शब्दांनी ओळखायचा. इंग्रजी वर्गात 'ॲज इफ', 'ॲज दो' असलेली अशी वाक्यं सहसा सिमिलीतच जातात. मुलं वेगळं नाव शोधत बसतात. मेटाफरचा पसाराही रूपकापेक्षा मोठा आहे. उपमेय गाळून फक्त उपमान ठेवलं तरी इंग्रजीत ते मेटाफरच, आणि नुसत्या क्रियापदातही मेटाफर दडलेला असतो. 'शी प्लाउड थ्रू द रिपोर्ट' यात 'अमुक म्हणजे तमुक' असं काहीच नाही, तरी 'प्लाउड' हा मेटाफर आहे. रूपकाच्या साच्याची सवय असलेली मुलं तो हमखास सोडतात.

अनुप्रासाचंही तसंच. आपल्याकडे वर्ण शब्दात कुठेही पुन्हा आला तरी अनुप्रास. इंग्रजीत तो शब्दाच्या किंवा आघात असलेल्या अवयवाच्या सुरुवातीला हवा. मधल्या-शेवटच्या व्यंजनांची पुनरावृत्ती कॉन्सोनन्समध्ये जाते, स्वरांची असोनन्समध्ये.

आणि ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ते: मेटॉनिमी मराठी अलंकारांच्या यादीत शोधू नका, ती शब्दशक्तीच्या धड्यात आहे. 'बाबा ताटावर बसले', 'आम्ही ज्वारी खातो', 'घरावरून हत्ती गेला'. लक्षणेची ही नेहमीची उदाहरणं मुलांनी पाठ केलेली असतात. मूळ अर्थ घेतला तर बाधा येते, म्हणून त्याच्याशी निगडित दुसरा अर्थ घ्यायचा. मेटॉनिमीत हेच होतं. लक्षणेचा व्याप मोठा आहे, त्यात इतरही गोष्टी येतात. पण 'मूळ अर्थ इथे बसतो का' ही पहिली पायरी तिथून उचलता येते.

अवांतर: उच्चार पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून द्या. हायपरबोल नाही, हायपर्बली. सिमाइल नाही, सिमिली. एकदा चुकीचा उच्चार जिभेवर बसला की वर्ष सरलं तरी सुटत नाही.

तिसरा_बाक

खूपच कामाचं मिळालं. आता एक अडलेलं वाक्य: 'द टायर्ड बस काफ्ड ॲट द स्टॉप.' निम्मी मुलं म्हणतात पर्सॉनिफिकेशन, दोघं म्हणतात ट्रान्सफर्ड एपिथेट, एकाने ऑनोमॅटोपिया लिहिलंय. गुण कोणाला द्यायचे?

खडू_फळा

शब्द सुटे करून बघा. 'काफ्ड' हे सजीवाचं काम निर्जीवाकडून करवलंय, म्हणजे पर्सॉनिफिकेशन. यात वाद नाही. 'टायर्ड'साठी ट्रान्सफर्ड एपिथेटचा प्रश्न विचारा: हे विशेषण ज्याचं आहे तो जवळपास आहे का, आणि ते तिकडे हलवलं तर वाक्य सरळ होतं का? 'अ स्लीपलेस नाइट' मध्ये रात्र जागी नसते, माणूस असतो. विशेषण त्याच्याकडे परत दिलं की अर्थ चोख लागतो. इथे वाक्यात प्रवाशांचा पत्ताच नाही, आणि पुढच्याच शब्दात बस खोकते आहे. 'टायर्ड' आणि 'काफ्ड' मिळून बसचं एक म्हातारं माणूस होतं. म्हणून मी पर्सॉनिफिकेशनकडे झुकेन.

अल्पविराम

मी दोन्हींना गुण देईन, एका अटीवर. आधीच्या ओळीत कामावरून परतणारे प्रवासी आले असतील आणि मुलाने 'थकलेले प्रवासी आहेत, विशेषण बसला लावलंय' असं लिहिलं असेल, तर ट्रान्सफर्ड एपिथेट पूर्ण बरोबर. नुसतं नाव लिहिलं असेल तर नाही. ऑनोमॅटोपियावाल्यालाही शून्य देऊ नका. इंग्रजी 'काफ' उच्चारताना आवाजाची नक्कल ऐकू येते असं तो म्हणत असेल तर कान चांगला आहे, पण या वाक्यातला मुख्य परिणाम तो नव्हे, हे त्याला सांगा.

खडू_फळा

संदर्भाची अट मान्य. मग सुटं वाक्य देऊच नये, आधीची-नंतरची एकेक ओळ जोडून द्यावी. सुट्या वाक्यावर भांडण होणारच.

गद्यात्मक

उत्तर लिहिण्याबद्दल अजून कोणी बोललं नाही.

तीन वाक्यांचा साचा पुरतो. पहिल्यात संज्ञा आणि मूळ शब्द. सबंध ओळ उतरवायची नाही, ज्यात ती करामत आहे तेवढेच तीन ते सहा शब्द. दुसऱ्यात यंत्रणा: कशाची तुलना कशाशी, काय काय पुन्हा आलं, अपेक्षा काय होती आणि झालं काय. तिसऱ्यात या ठिकाणी त्याने काय साधलं. तिसऱ्या वाक्याची कसोटी अशी: ते दुसऱ्या कुठल्याही कवितेला चिकटवता आलं तर खोडायचं. 'वाचकाची उत्सुकता वाढते', 'चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं', 'भाषा प्रभावी होते' ही तिन्ही वाक्यं सरळ बंद करा.

वरचीच किटली घेऊ. 'लेखकाने मेटाफर वापरला आहे, त्यामुळे राग प्रभावीपणे व्यक्त होतो' याला चारपैकी एक. आता हे बघा: "'वॉज अ केटल' या मेटाफरमध्ये रागाला किटली म्हटलं आहे. किटली हळूहळू तापते आणि उकळेपर्यंत बाहेरून शांत दिसते. त्यामुळे मागच्या परिच्छेदात काहीच न बोलणारा हा माणूस शांत नव्हता, तापत होता, हे आपल्याला उशिरा कळतं." चारपैकी चार. गुणांची वाटणीही आधीच सांगून ठेवा: नावाला एक, नेमक्या शब्दांना एक, स्पष्टीकरणाला दोन. नुसत्या नावाला दोन गुण ठेवले की मुलं नावं पाठ करतात. त्यांचं काय चुकलं?

भाषणाच्या उताऱ्यांत इथॉस (वक्त्यावरचा विश्वास), पॅथॉस (भावना), लोगॉस (तर्क) येतात. ॲरिस्टॉटलची ही त्रयी इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातली, पण वर्गात ती फार स्वस्त करून टाकलेली आहे. वक्ता प्रसिद्ध आहे म्हणून इथॉस, असं होत नाही. बोलण्यातून विश्वास कसा कमावला ते दाखवावं लागतं: स्वतःचा अनुभव, विरोधकाचा मुद्दा प्रामाणिकपणे मांडणं, 'आपण' म्हणणं. पॅथॉस म्हणजे फक्त रडू नव्हे. राग, भीती, अभिमान, लाज, सगळं त्यात येतं. आकडा दिसला की लोगॉस, हीसुद्धा घाई आहे. 'या वाचनालयातून जाणाऱ्या दहातली सात पुस्तकं लहान मुलं नेतात' हा आकडा दिसायला तर्क, पण दार बंद होणार म्हटल्यावर तो काळजाला हात घालतो. एकाच वाक्यात दोन आवाहनं असू शकतात, असं लिहिणाऱ्या मुलाला जास्त गुण द्या.

वाक्यरचनेच्या संज्ञांना खरी भाषणंच घ्या, उदाहरणं बनवत बसू नका. चर्चिल यांच्या ४ जून १९४० च्या भाषणात 'वुई शॅल फाइट' वाक्याच्या सुरुवातीला पुन्हापुन्हा येतं, ती अनॅफोरा. लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणात 'द पीपल' प्रत्येक तुकड्याच्या शेवटी येतं, ती एपिस्ट्रफी. केनेडी यांच्या १९६१ च्या शपथविधीच्या भाषणात देश आणि तुम्ही यांची अदलाबदल होते, ती अँटिमेटबली. शब्द तेच राहून क्रम उलटला तर अँटिमेटबली, नुसती रचना उलटली तर कायॅझमस. शालेय पातळीवर दुसऱ्या नावावर भागतं.

तिसरा_बाक

शेवटचं एक. टोन विचारला की 'सॅड', 'हॅपी', 'सीरियस' यापलीकडे शब्दच मिळत नाहीत. यादी द्यावी का?

मध्यमपदलोपी

द्या, पण चाळीस शब्दांची नको. पंधरा पुरेत, आणि तीव्रतेच्या उतरंडीने: नाराजीसाठी डिसअपॉइंटेड, बिटर, कंटेम्प्चुअस. थट्टेसाठी प्लेफुल, राय, मॉकिंग. हळवेपणासाठी टेंडर, विस्टफुल, सेंटिमेंटल. मुलाने शब्द निवडला की त्याच ओळीतला दुसरा शब्द का नाही ते विचारायचं: 'बिटर म्हणतोस, कंटेम्प्चुअस का नाही?' पुरावा उताऱ्यातल्या एका विशेषणात किंवा क्रियापदात दाखवता आला पाहिजे. दाखवता येत नसेल तर एक पायरी खाली, सौम्य शब्दावर यायचं. आणि मुलाला शब्द आधी मराठीत सुचला, 'कुत्सित', 'खोचक', 'हताश', तर तो वहीत तसाच लिहू द्या. इंग्रजी प्रतिशब्द नंतर शोधता येतो. सूर ओळखण्याचं काम तिथे झालेलं असतं.